घरचं वर्कशॉप आवरताना जादा इलेक्ट्रॉनिक्स कोणाला आणि कसं द्यावं

बेळगावात टिळकवाडीतलं किंवा शहापुरातलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, की मागच्या खोलीतलं वर्कशॉप एका टेबलावर आणावं लागतं. तीस-चाळीस वर्षांत साठलेले ट्रान्सफॉर्मर, आयसींच्या नळ्या, उघडे अँप्लिफायर, दोन-तीन मल्टीमीटर आणि एक जड सीआरओ (ऑसिलोस्कोप) सगळं सोबत नेता येत नाही. इथल्या हौशी माणसाकडे साठा जास्त असण्याला कारणही आहे. बेंगळुरूचा एस. पी. रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दोन्ही बेळगावपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. तिकडे गेल्यावर एकाऐवजी दहा नग घ्यायचे, ही सवय त्यातूनच लागली. हाच साठा आज खानापूर, निपाणी, संकेश्वरच्या एखाद्या मुलाला सोन्यासारखा आहे, कारण त्याच्यासाठी ते बाजार अजूनही तितकेच लांब आहेत.

मात्र न निवडलेलं खोकं उचलून कोणाच्या दारात ठेवणं म्हणजे आपला पसारा त्याच्या गळ्यात मारणं. वस्तू तपासलेली हवी, तिच्यावर काय आहे ते लिहिलेलं हवं, आणि ती वापरणाऱ्याच्या हातात पडायला हवी. यातलं एक जरी राहिलं तरी ती वस्तू आपल्या माळ्यावरून उतरून दुसऱ्याच्या माळ्यावर चढते.

हे काम पावसाळ्यात काढू नका. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) खोटं कमी दिसतं आणि चांगला माल आपण भंगारात टाकतो. खंडेनवमीला हत्यारं पुसून पूजेला मांडतोच, तेव्हाच यादी करायला घ्या. दिवाळीनंतर तपासणी, जानेवारीपर्यंत वाटप (गणेश मंडळांचं तेवढं मे-जूनमध्ये).

आधी ठेवायचं ते बाजूला काढा

द्यायचं काय हे ठरवत बसलात तर महिना जातो. ठेवायचं काय हे आधी ठरवा, उरलेलं आपोआप द्यायचं. एका टेबलाला एक चांगला मल्टीमीटर, २५ वॅटचं एक सोल्डरिंग आयर्न, ०-३० व्होल्टचा एक पॉवर सप्लाय आणि एक ब्रेडबोर्ड पुरतो. रेझिस्टरचा हिशेब सोपा आहे. ई-१२ मालिकेत दर दशकाला १२ किमती. १० ओहमपासून १ मेगओहमपर्यंत पाच दशकं धरली तर ६१ किमती होतात. प्रत्येकी २० नग ठेवले तर १,२२० रेझिस्टर, आणि ते ६१ पुड्या करून चपलेच्या एका खोक्यात मावतात. त्यावरचे सगळे दुसऱ्याचे.

उरलेल्या मालाचे चार ढीग करा: चालतं, दुरुस्त होईल, फक्त सुट्या भागांसाठी, आणि टाकाऊ. वर्गवारी वस्तूच्या प्रकारावरून करण्यापेक्षा आपल्याला तिची किती खात्री आहे यावरून करणं जास्त उपयोगाचं. “बहुधा चालत असावा” असं वाटणारी वस्तू पहिल्या ढिगात टाकू नये.

हात लावण्यापूर्वी

टीव्ही, कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), युपीएस, इन्व्हर्टर, कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश, यांत मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्टचा सप्लाय रेक्टिफाय झाला की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी येतात. २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये तेव्हा साडेअकरा ज्यूल ऊर्जा असते, आणि हाताच्या स्नायूंना जबर झटका द्यायला ती भरपूर झाली. प्लग काढून दहा मिनिटं थांबलं की झालं, असं समजू नका. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर जळालेला असला तर चार्ज बराच वेळ तसाच राहतो. क्रम असा ठेवा:

१. प्लग काढा. मल्टीमीटर डीसी १००० व्होल्टवर लावून मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा.
२. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर दोन इन्सुलेटेड वायरींना जोडून घ्या आणि एकच हात वापरून तो कपॅसिटरवर पाच सेकंद धरा.
३. पुन्हा मोजा. दोन-तीन मिनिटांनी आणखी एकदा मोजा, कारण कपॅसिटरमधला चार्ज थोडा परत वर येतो.

स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करण्याची जुनी सवय सोडा. ठिणगीने टोकं जळतात, वितळलेला धातू डोळ्यात उडतो आणि कपॅसिटरची आतली जोडणी कमकुवत होते. तो कपॅसिटर तुम्ही चांगला म्हणून देता आणि दोन महिन्यांनी पुढच्याकडे तो फुटतो.

जुन्या पिक्चर ट्यूबचा अॅनोड २०-२५ हजार व्होल्टवर चालतो आणि तिच्या काचेत शिसं असतं. ट्यूब अखंड ठेवून थेट रीसायकलरकडे द्या. मानेकडची काच फार नाजूक असते, तिथे धरून उचलू नका.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर कोणालाही आहे तसा देऊ नये. त्याच्या सेकंडरीवर (बाहेर वीज देणाऱ्या वेटोळ्यावर) सुमारे २ हजार व्होल्ट असतात आणि त्यामागे भरपूर करंट. लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ बघून तो मागायला मुलं येतात, आणि असं करताना माणसं दगावली आहेत. पातळ तारेची सेकंडरी हॅक्सॉने दोन्ही बाजूंनी कापून, ठोकून बाहेर काढा. उरलेला कोर (लोखंडी गाभा) आणि प्रायमरी (सप्लायला जोडायचं वेटोळं) खुशाल द्या. त्यावर जाड तारेचे दोन-तीन वेढे घातले की कमी व्होल्टचा स्पॉट वेल्डर होतो.

ट्रान्सफॉर्मर: सगळ्यात मागणीची वस्तू

रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणारे, आयटीआयची मुलं, गणपतीची आरास करणारे, सगळ्यांना हवा असतो तो १२-०-१२ (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा), १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. त्याला वेळ द्या.

आधी ओहममध्ये मोजा. प्रायमरीला काही दहा ओहमपासून शे-दीडशे ओहमपर्यंत रेझिस्टन्स दिसेल, सेकंडरीच्या दोन्ही अर्ध्यांना एखादा ओहम, आणि दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. मग ५०० व्होल्टचा मेगर प्रायमरी आणि सेकंडरीत, नंतर प्रायमरी आणि कोरमध्ये. २ मेगओहमच्या खाली आला तर देऊ नका. कोरडा चांगला ट्रान्सफॉर्मर याच्या कितीतरी वर दाखवतो. मेगर नसेल तर उद्यमबागेतल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे असतो, सगळे एकदम नेऊन तपासून आणा.

आता ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून प्रायमरीला सप्लाय द्या, सेकंडरी मोकळी ठेवून. बल्ब लागला नाही किंवा तार जेमतेम लाल झाली तर ठीक. लख्ख पेटला तर आतले वेढे शॉर्ट आहेत, थेट भंगार. बल्बने हिरवा कंदील दिला की सरळ सप्लायवर लावा. बिनलोडचा १२ व्होल्टचा अर्धा भाग साडेतेरा ते पंधरा दाखवेल. तो दोष नाही, लहान ट्रान्सफॉर्मर असेच बांधलेले असतात. हेस्कॉमचा सप्लाय त्या क्षणी किती आहे तेही मोजून लिहा, नाहीतर २४५ व्होल्टवर घेतलेला आकडा फसवतो.

शेवटी लोड. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब एका अर्ध्यावर लावा, साधारण ०.८ अँपिअर ओढतो. अर्धा तास ठेवा. व्होल्टेज साडेअकराच्या खाली जाऊ नये. मग प्लग काढून कोरवर तळहात ठेवा. कोमट लागला तर उत्तम. पाच सेकंदही हात टिकत नसेल, तर लेबलवर १ अँपिअर लिहून अर्ध्या अँपिअरचा कोर विकलेला आहे. असे ट्रान्सफॉर्मर बाजारात सर्रास होते. तो टाकू नका, “५०० मिलीअँपिअर” असं नवं लेबल लावून द्या.

लोकल ट्रान्सफॉर्मरच्या वायरींच्या रंगाला कसलाच नेम नसतो. म्हणून प्रायमरीच्या दोन्ही वायरींना लाल टेप गुंडाळा आणि त्यावर “२३०” लिहा. १२ व्होल्टची बाजू सॉकेटमध्ये खुपसण्याची चूक नवशिके हमखास करतात. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर धूर.

बाकीचे पार्ट

मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा वर्षं पडून राहिले की आतला ऑक्साइडचा थर पातळ होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गरम होऊन फुटतात. ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा असेल तर दोन ३० व्होल्टचे सप्लाय सिरीजमध्ये जोडून ६० व्होल्ट करा आणि १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून त्याला द्या. दोन सप्लायपैकी कोणाचाही निगेटिव्ह अर्थला जोडलेला नाही याची आधी खात्री करा. तासाभराने रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. १ किलोओहमवर १ व्होल्ट म्हणजे १ मिलीअँपिअर गळती. ती ३ मिलीअँपिअरच्या आत स्थिरावली तर कपॅसिटर जिवंत आहे. तास झाला तरी ती त्याच्या वरच अडकून राहिली, किंवा डोकं फुगलेलं असलं, तर गेला. लहान कपॅसिटरवर ही मेहनत करू नका. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा नवा कपॅसिटर चहाच्या पैशात येतो. जुने सरळ टाकाऊत घाला.

५५५ हे टायमरचे आयसी ढिगाने निघतात. ब्रेडबोर्डवर आठ पिनांचा सॉकेट बसवून एकदाच सर्किट लावा: वरचा रेझिस्टर १० किलोओहम, खालचा ६८ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, आउटपुटला १ किलोओहमसह एलईडी, सप्लाय ९ व्होल्ट. चांगला आयसी सेकंदाला एकदा मिचकावतो. एक काढा, दुसरा घाला, पंधरा मिनिटांत चाळीस आयसी होतात. ७८०५ ला (५ व्होल्टच्या रेग्युलेटरला) १२ व्होल्ट देऊन आउटपुटवर ४७ ओहम, १ वॅट लावा, ४.८ ते ५.२ च्या मध्ये आलं पाहिजे. १एन४००७ सारखे डायोड आणि बीसी५४७ ट्रान्झिस्टर मल्टीमीटरवरच भराभर होतात.

सीडी४०१७ सारखे सीमॉस आयसी थर्माकोलमध्ये खोचून कधीच देऊ नका, स्टॅटिकने (घर्षणाने साठलेल्या विजेने) मरतात. जुना काळा फोमही नको. वर्षांनी त्याचा चिकट भुगा होतो आणि तो पाय खातो. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलवर बसवून गुंडाळी करा. पाय नुसते काळे पडले असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा, सोल्डर पुन्हा धरतो. हिरवे होऊन ठिसूळ झालेले फेका.

एसी१२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर वेगळ्या पुडीत ठेवा. मल्टीमीटरवर त्यांचं जंक्शन ०.२-०.३ व्होल्ट दाखवतं, सिलिकॉनचं ०.६ च्या आसपास. विद्यार्थ्याला हे देऊ नका. तो सिलिकॉनच्या सर्किटमध्ये लावणार, गळतीमुळे सर्किट चालणार नाही, आणि चूक आपलीच समजून तो नाउमेद होणार. जुने रेडिओ जिवंत करणाऱ्याला मात्र हेच हवे असतात.

ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वायफायच्या बोर्डांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्यांच्या फ्लॅशमध्ये तसाच बसलेला असतो आणि केबल लावून तो वाचता येतो. ईएसपीटूल या प्रोग्रामने फ्लॅश पूर्ण पुसा आणि मगच द्या. जुन्या राउटरचं रीसेट बटण चालू अवस्थेत १०-१५ सेकंद दाबून धरा. मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क देऊच नका. अर्डुइनोवर एलईडी मिचकवणारा साधा प्रोग्राम चढवून द्या, म्हणजे घेणाऱ्याला जोडताक्षणी कळतं की बोर्ड चालू आहे.

बॅटऱ्या: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची युपीएसची बॅटरी पूर्ण चार्ज करून १२ व्होल्ट, २१ वॅटच्या बल्बवर लावा. दहा मिनिटांत साडेअकराच्या खाली गेली तर बॅटरीच्या दुकानात शिशाच्या भावाने द्या. लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून आठवडाभर ठेवा. चारच्या खाली उतरला, फुगला किंवा गंजला असेल तो कोणालाही नको. चांगले सेल ३.७ च्या आसपास आणून, टोकांना टेप लावून, हातोहात द्या, पार्सलने नको.

लेबल

प्रत्येक पुडीवर चार गोष्टी लिहा: काय आहे, किती नग, कसं तपासलं, कधी तपासलं. किमती आणि नंबर इंग्रजीतच लिहा, कारण पार्टवरही तेच छापलेलं असतं. इशारा मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत हवा. आपल्या भागात वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा भाषाही बदलते. सोयीचा शब्द समोरच आहे. खांबावरच्या डीपीवर कन्नडमध्ये “अपाय” लिहिलेलं असतं, आणि मराठी माणसालाही तो शब्द समजतो. बिघडलेल्या वस्तूवर “बंद” आणि कन्नड लिपीत “केट्टिदे” लिहिलं की गैरसमज राहत नाही. पेनाने लिहू नका, पहिल्या पावसात शाई पसरते. पेन्सिल किंवा मार्कर, वर पारदर्शक टेप.

कोणाला काय

शाळेसाठी संच करा. सुटे पार्ट भरलेली बरणी शाळेत कपाटात जाते, संच वर्गात उघडला जातो. एका संचात एक ब्रेडबोर्ड, चार सेलचा होल्डर, २० एलईडी, ३३० ओहम, १ किलो, १० किलो आणि १०० किलोओहमचे प्रत्येकी १० रेझिस्टर, १० आणि १०० मायक्रोफॅरडचे पाच-पाच कपॅसिटर, दोन ५५५, पाच बीसी५४७, दोन एलडीआर (उजेडाने रेझिस्टन्स बदलणारे), एक बझर आणि ३० जंपर वायर. सहा व्होल्टवर ३३० ओहममधून एलईडीला साधारण १२ मिलीअँपिअर मिळतात, त्यामुळे मुलांनी काही केलं तरी सहसा जळत नाही. सोबत तीन सर्किटांचा एक कागद ठेवा, ज्या माध्यमाची शाळा त्या भाषेत. ज्या शाळेत नीती आयोगाच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आहे तिथे बोर्ड आणि किट आधीच असतात. तिथे संपतात त्या वायरी, एलईडी, सोल्डर आणि सेल. तेच विचारून द्या. सोल्डर ६०/४० असेल तर त्यात ४० टक्के शिसं आहे, हात धुण्याची सूचना डब्यावरच चिकटवा.

आयटीआय आणि उद्यमबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना सीआरओ, फंक्शन जनरेटर, पॉवर सप्लाय उपयोगी पडतात, पण चालू असले तरच. संस्थेत आलेली वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते, आणि एकदा चढली की बिघडल्यावर काढून टाकायला समिती आणि सह्या लागतात. म्हणून लॅब सांभाळणारी मंडळी बंद यंत्राला नाही म्हणतात. त्यांचं बरोबरच आहे. आधी यादी आणि फोटो लॅबमधल्या माणसाकडे पाठवा, त्याला काय कमी पडतं ते ऐका, मग प्राचार्यांच्या नावे दोन प्रतींत देणगीपत्र करा: वस्तू, नग, अवस्था, “विनामूल्य, परत न घेण्याच्या अटीवर”. एका प्रतीवर सही-शिक्का घ्या.

“दुरुस्त होईल” हा ढीग दुरुस्तीच्या दुकानात न्या. खडेबाजारात असो वा निपाणीच्या एखाद्या गल्लीत, कारागिराला बंद अँप्लिफायरमधला हीटसिंक, स्पीकर आणि २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर हवाच असतो. बिघाड माहीत असेल तर चिठ्ठीवर लिहा, त्याचा अर्धा दिवस वाचतो.

गणेश मंडळांची पोरं हे सगळ्यात उत्साही गिऱ्हाईक. हलत्या देखाव्याला १२ व्होल्टच्या गिअर मोटर, रिले, ५५५-४०१७ चे चेसर (पळत्या दिव्यांची सर्किटं), एलईडीच्या पट्ट्या लागतात. मे-जूनमध्येच द्या, म्हणजे त्यांना जुळवाजुळवीला वेळ मिळतो. पण २३० व्होल्टवर थेट चालणारे ट्रायॅकचे उघडे चेसर बोर्ड मंडळाला देऊ नका. ओल्या मांडवात, लोखंडी पाइपांवर, मुलांच्या गर्दीत ते बोर्ड जीव घेतील. फक्त १२ व्होल्टचं द्या.

हौशी रेडिओचा ट्रान्समीटर किंवा ट्रान्सीव्हर असेल तर घेणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना आणि कॉलसाइन आहे का ते बघितल्याशिवाय हलवू नका.

नेणं आणि उरलेलं

सीआरओ स्क्रीन वर करून, खाली चार इंच फोम घालून, माणसाच्या मांडीवर किंवा सीटवर न्या, डिकीत नको. निघण्याआधी त्याच्या १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन पिनेवर प्रोब लावून चौकोनी लहर दिसते का बघा, पोहोचल्यावर घेणाऱ्यासमोर पुन्हा बघा. माल शिनोळीमार्गे चंदगडला किंवा कोगनोळी ओलांडून कागलला किंवा संकेश्वरमार्गे गडहिंग्लजला, म्हणजे महाराष्ट्रात, जात असेल तर “वापरलेलं घरगुती सामान, विक्रीसाठी नाही” असं लिहिलेली सहीची यादी आणि देणगीपत्राची प्रत गाडीत ठेवा.

टाकाऊ ढिगातली लोखंडी कॅबिनेट, कोर आणि तांबं भंगारवाल्याला चालेल. सर्किट बोर्ड, ट्यूब आणि फुगलेले सेल त्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, बोर्ड अॅसिडमध्ये बुडवले जातात, आणि ते पाणी नाल्यातून शेतात जातं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या रीसायकलरलाच हा माल द्यावा. एकट्याचं दहा किलो न्यायला कोणी येत नाही, म्हणून ओळखीच्या चार-पाच जणांनी साठा एकत्र करून बोलवावं.

यंत्रांचे सर्किट डायग्राम, मॅन्युअल, हाताने काढलेल्या दुरुस्तीच्या नोंदी रद्दीत घालू नका. झेरॉक्सची शाई उडत चालली असेल तर आधी फोटो काढा. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या-त्या यंत्राच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून, गरम होणाऱ्या भागापासून लांब, टेपने चिकटवा. झाकण उघडणाऱ्याला तो तिथेच लागतो.